बरं वाटतंय, मग नमुना कशाला?

"जुलाब थांबलेत, आता शौचाचा नमुना कशाला द्यायचा?" मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे ओळखीतले लोक हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नमुन्याचा निकाल येईपर्यंत तुमचा आजार ओसरलेला असतो. नमुना हवा असतो तो तेच अन्न उद्या ज्यांच्या ताटात पडणार आहे, त्यांच्यासाठी.

नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवले की दुसऱ्या दिवशी लाल माध्यमावर काळ्या मध्याचे ठिपके दिसतात. साल्मोनेला! पण हे झालं नुसतं आडनाव, तेवढ्यावरून कुणी सापडत नाही. पूर्वी आम्ही हे जंतू अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या इवल्याशा वडीत बसवायचो आणि आतल्या आतच फोडायचो, म्हणजे लांबलचक डीएनए हाताळताना तुटत नाही. मग एक विकर (एन्झाइम) तो डीएनए ठरावीक जागीच कापायचं. वडीचा पातळ काप जेलच्या खाचेत सरकवताना मी श्वास रोखून धरायचे, कारण खाली बुडबुडा राहिला तर पट्टे वाकडे येतात. रात्रभर दिशा बदलत वीज वाहायची आणि डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन त्यांचे पट्टे पडायचे. हाच त्या जंतूचा ठसा. सकाळी अतिनील प्रकाशात एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन रुग्णांचे पट्टे तंतोतंत जुळलेले दिसले, की अंगावर काटा यायचा.

अमेरिकेत १९९३ मध्ये नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ हा घातक जंतू पसरला. ७०० हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं गेली. त्यानंतर १९९६ मध्ये तिथे पल्सनेट हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं, ते असे ठसे ताडून पाहण्यासाठीच. आता जंतूचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, अक्षर-अक्षर वाचतात. साल्मोनेलाच्या जवळपास ४८ लाख अक्षरांपैकी मोजकीच वेगळी निघाली, तर दोन्ही जंतूंचा उगम एकच असण्याची दाट शक्यता असते.

पण नुसता ठसा अन्नाचं नाव सांगत नाही. जर्मनीत २०११ मध्ये ई. कोलायच्याच एका प्रकाराने सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. आधी संशय स्पॅनिश काकड्यांवर गेला. त्यांच्यात ई. कोलाय होताही, पण रुग्णांमधला नव्हे, वेगळ्याच प्रकारचा. तोवर त्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं होतं. खरा माग लागला तो हॉटेलात जेवलेल्या गटांच्या ऑर्डरी, बिलं आणि फोटो तपासून. तो मेथीच्या मोडांपाशी आणि तिथून इजिप्तहून आलेल्या बियांपाशी पोचला.

सध्या मला काळजी वाटते ती झटपट चाचण्यांची. त्या काही तासांत जंतूचं नाव सांगतात आणि उपचारासाठी फार उपयोगी पडतात, पण प्लेटवर जंतू वाढवलाच नाही तर ठसा कशाचा घेणार? म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली तरी थोडा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी, पाठवा, असं मी प्रत्येक डॉक्टरला सांगते. आणि तुम्हाला आरोग्य खात्याचा फोन आला, तर घाईने ठेवू नका. आठवड्याभरात काय काय खाल्लं ते आठवा, बिलं सापडली तर तीही द्या.