व्हॉल्टचं कबीहोल आणि त्यात अडकून पडलेली माझी की

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण गेल्या दोन महिन्यांत मला तीन वेगवेगळ्या लोकांनी हाच प्रश्न विचारलाय की व्हॉल्टमध्ये ते कबीहोल नावाचं काय दिसतं आणि त्यात आपल्या खासगी गोष्टी ठेवल्या तर चालतात का. मी स्वतः ठेवली होती. एक की. ती पाच दिवसांनी मला परत काढता आली नाही, आणि ती कुठे आहे, किती दिवस जिवंत आहे हे सगळं समोर दिसत असूनही काढता आली नाही, म्हणून सगळं नीट सांगते.

आधी थोडं, ज्यांनी व्हॉल्ट वापरलेलं नाही त्यांच्यासाठी. पासवर्ड, एपीआय की, सर्टिफिकेट, डेटाबेसचे लॉगिन असल्या गोष्टी कोडमध्ये किंवा एक्सेल शीटमध्ये न ठेवता एका जागी कुलूपबंद ठेवायचं सॉफ्टवेअर म्हणजे व्हॉल्ट. हॅशिकॉर्प कंपनीने २०१५ मध्ये आणलं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने लायसन्स बदललं, त्यावरून ओपनबाओ नावाची वेगळी शाखा निघाली, ती आता लिनक्स फाउंडेशनकडे आहे. मी जे सांगतेय ते दोन्हीकडे सारखंच आहे.

व्हॉल्टमध्ये सगळं टोकनवर चालतं. तुम्ही युजरनेम पासवर्डने या, एलडॅपने या, नाहीतर कुबरनेटीसमधून या, शेवटी तुमच्या हातात एक टोकन पडतं आणि पुढची प्रत्येक रिक्वेस्ट त्या टोकनच्या नावाने जाते. म्हणजे व्हॉल्टला माणूस ओळखीचा नसतो, टोकन असतं. हे वाक्य मी डॉक्युमेंटेशनमध्ये किती वेळा वाचलं असेल, पण त्याचा अर्थ त्या मंगळवारी कळला.

झालं असं. एका बाहेरच्या पार्टीकडून आम्हाला वेबहूकची, म्हणजे त्यांच्या सिस्टीमकडून आपोआप येणाऱ्या संदेशांची, सही तपासायला सायनिंग की मिळणार होती. अशा की एकदाच स्क्रीनवर दाखवतात, पान बंद केलं की परत दिसत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी ती मी जनरेट केली. आमच्या नेहमीच्या केव्ही (की-व्हॅल्यू) स्टोअरमध्ये टाकली असती तर टीममधल्या सगळ्यांना वाचता आली असती, कारण त्या पाथची पॉलिसी, म्हणजे कोणाला काय करता येईल याचे नियम, तशीच होती, आणि गो लाइव्ह होईपर्यंत ती फक्त माझ्याकडे असावी असं ठरलं होतं. सिक्रेट इंजिनांच्या, म्हणजे व्हॉल्टमधल्या साठवणीच्या प्रकारांच्या यादीत बघितलं तर कबीहोल, आणि पुढे वर्णन, पर-टोकन प्रायव्हेट सिक्रेट स्टोरेज. मी त्यातला प्रायव्हेट वाचला. पर-टोकन वाचलं नाही, म्हणजे डोळ्यांनी वाचलं, पण डोक्यात गेलं नाही. टर्मिनलवरून की टाकली, लगेच वाचून बघितली, व्यवस्थित आली, कीचं पान बंद केलं आणि घरी गेले.

शुक्रवारी एक नवीन पॉलिसी टेस्ट करायची होती म्हणून मी टर्मिनलवर दुसऱ्या टेस्ट युजरने लॉगिन केलं, काम झाल्यावर परत स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. साधी गोष्ट, आपण दिवसातून चार वेळा करतो. मंगळवारी की हवी होती, कबीहोलमध्ये गेले तर रिकामं. काहीच नाही. ब्राउझरमधून बघितलं, तिथेही रिकामं.

पोटात गोळा आला अगदी.

सिनियरकडे गेले. तो म्हणाला, "अगं थांब, रूट टोकन काढू, त्याला सगळं दिसतं." आमच्याकडे रूट टोकन कायम ठेवत नाहीत, लागलं तर अनसील कीवाले, म्हणजे व्हॉल्टचं कुलूप उघडायच्या कीचे हिस्से ज्यांच्याकडे आहेत ते, तिघं जमून बनवतात, म्हणजे पाचापैकी तीन हिस्से लागतात तीच पद्धत. तिघांना मीटिंगमधून उठवलं, टोकन बनवलं, आणि रूटने कबीहोल उघडलं तर तेही रिकामं! कारण ते रूट टोकनचं स्वतःचं कबीहोल होतं, नुकतंच जन्माला आलेलं.

इथे मला ती रचना खरी समजली. बाकीच्या इंजिनांमध्ये एक पाथ म्हणजे एक जागा असते, आणि त्या जागेवर कोणाला जाता येईल ते पॉलिसी ठरवते, त्यामुळे पॉलिसी मोठी असली की सगळं उघडतं. कबीहोलमध्ये पाथचं नाव सगळ्यांना तेच, पण मागची जागा विचारणाऱ्या टोकनप्रमाणे बदलते. डिफॉल्ट पॉलिसीमध्येच प्रत्येकाला कबीहोलमध्ये लिहा, वाचा, पुसा अशी सगळी मुभा दिलेली असते, कारण देऊन बिघडत काही नाही, प्रत्येक जण स्वतःच्याच जागेत जातो. दुसऱ्याच्या कबीहोलचा पत्ता लिहायची सोयच नाही, मग रूट असो नाहीतर कोणीही. हे इंजिन बंद करता येत नाही, हलवता येत नाही, दुसऱ्या नावाने अजून एक उघडता येत नाही, तेही याचमुळे.

आमच्या आजोळच्या जुन्या घरात मातीच्या जाड भिंतीत कोनाडे होते, प्रत्येकाचा ठरलेला, आजीच्या कोनाड्यात तिची चंची आणि चष्मा. कबीहोल म्हणजे कोनाडाच, मला दुसरा शब्द सुचत नाही. फक्त इथे दर वेळी तुम्ही लॉगिन करता तेव्हा व्हॉल्टच्या दृष्टीने दारातून नवीन माणूस आत येतो आणि त्याला नवीन कोनाडा मिळतो. टर्मिनलवर एक टोकन, ब्राउझरमध्ये दुसरं, स्क्रिप्टमध्ये तिसरं. कोनाडे तीन.

आणि माझं गुरुवारचं टोकन कुठे गेलं? टर्मिनलवर लॉगिन केलं की टोकन होम फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलं जातं, पुन्हा लॉगिन केलं की त्याच फाइलवर नवीन लिहिलं जातं. जुनं गेलं. बॅकअप नाही, टर्मिनलचा स्क्रोल शुक्रवारीच साफ केलेला.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. व्हॉल्टमध्ये प्रत्येक टोकनला एक ॲक्सेसर असतो, म्हणजे टोकनचा हवाला नंबर म्हणा. ॲडमिनला सगळ्या ॲक्सेसरांची यादी काढता येते, आणि एकेक तपासला की ते टोकन कोणाचं, कधी बनलं, किती वेळ उरलाय हे दिसतं, पण टोकन स्वतः दिसत नाही, ती जागा रिकामी येते. आम्ही यादी काढली आणि गुरुवारचं टोकन सापडलं! माझं नाव, बनल्याची वेळ, सगळं बरोबर. आमच्याकडे टीटीएल, म्हणजे टोकनच्या आयुष्याची मुदत, डिफॉल्टच ठेवलेला होता, ७६८ तास म्हणजे ३२ दिवस, त्यातले २७ उरलेले. म्हणजे की आत होती, सुखरूप, अजून २७ दिवस. ॲक्सेसर वापरून ते टोकन रद्द करता आलं असतं, पण कोनाडा उघडायला खुद्द टोकनच लागतं आणि ते जगात कुठेच उरलेलं नव्हतं. २७ दिवसांनी टोकन संपणार, त्याच्याबरोबर कोनाडा आणि कोनाड्यातली की पण संपणार.

आम्ही ते टोकन तेव्हाच रद्द केलं, नवीन की मागवली, दोन दिवस गेले. समोरच्या लोकांनी काही त्रास न देता जुनी बाद करून नवीन दिली, म्हणून निभावलं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर, ठेवायचं का? नाही ठेवायचं. जी गोष्ट उद्या लागणार आहे ती कबीहोलमध्ये नको. तिथे केव्हीच्या दुसऱ्या आवृत्तीसारखे जुने व्हर्जन नसतात, पुन्हा लिहिलं की आधीचं गेलं. वेगळा टीटीएल लावता येत नाही, टोकनचं आयुष्य तेच आतल्या वस्तूचं. कोणी तुमच्या टोकनचं मूळ टोकन रद्द केलं तर खालची पिल्लं पण रद्द होतात, त्यात तुमचा कोनाडा पण जातो. आणि बॅच टोकन (व्हॉल्टमध्ये साठवलं न जाणारं हलकं टोकन) असेल तर त्याला कबीहोल मिळतच नाही, फक्त नेहमीच्या सर्व्हिस टोकनला मिळतं. फक्त स्वतःला दिसेल असं काही ठेवायचं असेल तर केव्हीमध्ये आपल्या युजरच्या नावाचा पाथ आणि त्यावर फक्त आपल्यालाच परवानगी देणारी पॉलिसी हे बरोबर उत्तर आहे. तिथे ॲडमिन मनात आणलं तर बघू शकतो हे मान्य, पण लॉगिन बदललं म्हणून वस्तू हरवत नाही.

मग हे बनवलं कशासाठी? ही मला त्या प्रकरणानंतर कळलेली आणि आता मनापासून आवडणारी गोष्ट आहे. वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल तर कबीहोलसारखी जागा नाही. याला रिस्पॉन्स रॅपिंग म्हणतात.

समजा बिल्ड सर्व्हरला ॲपरोलचा (माणसाऐवजी प्रोग्रामने लॉगिन करायची पद्धत) सिक्रेट आयडी, म्हणजे त्याचा पासवर्डच, द्यायचाय. सिक्रेट उचलून सरळ पाठवला तर तो मध्ये लॉगमध्ये, चॅटमध्ये, एन्व्हायर्नमेंटमध्ये कुठेतरी पडून राहतो आणि महिनोन्महिने चालतो. त्याऐवजी मागतानाच सांगायचं की उत्तर गुंडाळून दे, दोन मिनिटांसाठी. व्हॉल्ट एक ताजं टोकन बनवतं, एकदाच वापरता येणारं, दोन मिनिटांत मरणारं, खरं उत्तर त्या टोकनच्या कोनाड्यात ठेवतं आणि आपल्याला फक्त ते टोकन देतं. आपण टोकन पुढे पाठवायचं. बिल्ड सर्व्हर ते अनरॅप करतो, म्हणजे उघडतो, सिक्रेट मिळतो, टोकन आणि कोनाडा दोन्ही तिथेच संपतात. पाठवणाऱ्याने आतली वस्तू बघितलेलीच नसते. ज्या गुणामुळे माझी की अडकली तोच गुण इथे कामाला येतो, टोकन नसेल तर रूटलाही आत जाता येत नाही.

आणि मध्ये कोणी उघडलंच तर? तर खऱ्या माणसाला उघडता येणार नाही, रॅपिंग टोकन व्हॅलिड नाही किंवा अस्तित्वात नाही असा एरर येतो. हा एरर बघून लोक "परत पाठव ना जरा" म्हणतात आणि दुसरं टोकन मागतात, कृपा करून असं करू नका. दोन मिनिटं उलटून गेली असतील तर ठीक आहे, पण वेळ शिल्लक असताना हा एरर आला तर त्याचा अर्थ कोणीतरी आधी उघडलंय, तो सिक्रेट जळाला, बदलायचा.

अजून एक गोष्ट, ही खूप जण सोडून देतात. मधला चोर हुशार असेल तर तुमचं टोकन उघडेल, वस्तू घेईल आणि स्वतःची काहीतरी वस्तू नवीन टोकनमध्ये गुंडाळून तुम्हाला पाठवेल, तुमचं अनरॅप नीट चालेल, एरर येणारच नाही. म्हणून उघडायच्या आधी लूकअप, म्हणजे टोकनची नुसती चौकशी, करायचा, त्याने टोकन खर्च होत नाही. त्यात क्रिएशन पाथ दिसतो, म्हणजे हे पुडकं कुठल्या रिक्वेस्टमधून बनलं. ॲपरोलच्या सिक्रेट आयडीचं असेल तर त्या रोलचाच पाथ हवा. तिथे नुसतं सिस-रॅपिंग-रॅप दिसलं तर कोणीतरी हाताने बांधलेलं पुडकं आहे, उघडून वापरायचं नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये ही चार ओळींची तपासणी मी स्वतः बसून घातली.

गेल्या महिन्यात टीममध्ये नवीन आलेला मुलगा दुपारी डेस्कशी आला, म्हणाला, "ताई, तुम्ही दिलेलं टोकन चालत नाहीये." पाठवून दीड मिनिटही झालं नव्हतं, टीटीएल पाच मिनिटांचा. मी त्याला नवीन टोकन दिलं नाही, आधी त्यात गुंडाळलेला डेटाबेस पासवर्ड बदलला आणि मग ऑडिट लॉग, म्हणजे व्हॉल्टकडे आलेल्या रिक्वेस्टची नोंदवही, उघडला. लॉगमध्ये टोकन उघडं लिहिलेलं नसतं, हॅश करून, म्हणजे मूळ टोकन परत काढता येणार नाही अशा रूपात असतं, पण व्हॉल्टलाच आपलं टोकन देऊन त्याचा हॅश विचारता येतो आणि मग तो लॉगमध्ये शोधता येतो. शोधला. एक अनरॅप यशस्वी, दुसरा फेल, दोन्ही एकाच आयपीवरून, त्याच्याच लॅपटॉपवरून. त्याने आधी स्क्रिप्टमधून उघडलं होतं, आउटपुट कुठे जातं ते न बघता, आणि मग परत हाताने.

तो सारखा सॉरी म्हणत होता, मी त्याला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि लॉगमधल्या त्या दोन ओळी दाखवल्या, वेळ, पाथ, आयपी. मग नवीन पासवर्ड गुंडाळून दिला, त्याने आधी लूकअप केला, पाथ मोठ्याने वाचून दाखवला आणि मग उघडला.