बाबांची पोटातली महाधमनी फुटली तेव्हा – माझा अनुभव

बाबा सत्तरी ओलांडलेले, बीपीची गोळी चालू, सिगरेट तरुणपणापासून. रात्री एकदम कमरेत आणि पोटात इतकं दुखायला लागलं की घामाने बनियन भिजलं, आम्हाला वाटलं मुतखडा. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने मात्र वय आणि सिगरेट ऐकल्या ऐकल्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि थेट सीटी अँजिओला (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) पाठवलं, माझ्या मते बाबा तिथेच वाचले.

पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयाकडून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी, साधारण २ सेंमी रुंद असते. बाबांची सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी फुगून ७ च्या वर गेलेली आणि मागून फुटलेली. रक्त मागच्या जागेतच दाबून राहिलं म्हणून ते बोलत तरी होते. वरचं बीपी ८० आणि सलाइन अगदी हळू, मी सिस्टरवर चिडलेच. ती म्हणाली, ताई, बोलतायत ना बाबा, मग एवढं बीपी पुरे, वाढवलं तर धरलेली गुठळी सुटेल.

किडनीच्या नसांच्या खाली स्टेंट धरायला पुरेशी चांगली जागा सीटीत दिसली, म्हणून पोट न फाडता ऑपरेशन करता आलं, सगळ्यांना नाही जमत हे. भूलही फक्त जांघेत दिली, कारण पूर्ण भूल दिली की पोटाचे स्नायू ढिले पडतात आणि बीपी कोसळू शकतं. दोन्ही जांघांतून नळ्या घालून कापड लावलेला जाळीचा स्टेंट आत नेऊन उघडला, रक्त आता त्यातून वाहतं. टेबलावरच जाऊ शकतात हे सर्जननी सहीच्या आधी स्पष्ट सांगितलं होतं, दादाचा हात थरथरत होता सही करताना. स्टेंटचा खर्च काही लाखांत, एफडी मोडली.

आयसीयूत तासातासाला लघवी मोजायचे, पोटातला दाब बघायचे कारण साठलेलं रक्त आतून दाबतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं मग उतरलं. महिन्याने सीटीत कळलं की एका बारीक फांदीतून फुग्यात थोडं रक्त उलटं येतंय, पण फुगा वाढत नाहीये म्हणून नुसतं लक्ष ठेवायचंय. स्कॅन मात्र आता कायमचे.

हे घराण्यात असू शकतं म्हणून काकांची साधी सोनोग्राफी करून घेतली, महाधमनी ३.९ सेंमी निघाली. पुरुषांमध्ये ५.५ च्या आत सहसा ऑपरेशन करत नाहीत, दरवर्षी मोजायला सांगितलंय. सिगरेट काकांनी त्याच दिवशी सोडली.