पदर, शर्ट आणि सातबारा

कापूस वेचणीच्या दिवसांत जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही शिवारात साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवलेल्या बाया दिसतात. ऊन आणि वाळलेल्या बोंडांचे ओरखडे यांपासून अंग वाचवण्यासाठी त्यांनीच शोधलेला हा पेहराव आहे, आणि बाईने पुरुषाचा कपडा घातला म्हणून संस्कृती बुडाल्याची ओरड आमच्या गावात कधी झालेली मला आठवत नाही. ती ओरड झाली, ती याच बायांच्या मुली जीन्स-कुर्ती घालून कॉलेजसाठी एसटीने जळगावला जाऊ लागल्या तेव्हा.

वास्तविक आमच्याकडे पेहराव नेहमी कामाच्या मागे गेला आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून गेल्या आणि पुढे राष्ट्रपती झाल्या, तरी डोक्यावरचा पदर त्यांनी सोडला नाही. मात्र २००९ मध्ये पुण्याहून सुखोई विमानातून उड्डाण करताना त्यांनी वैमानिकाचा पोशाख चढवला. नऊवारी जाऊन सहावारी आली, पंजाबी ड्रेस आला, घरात गाऊन रुळला (पाहुणा दारात दिसताच त्यावर ओढणी येते, ती गोष्ट वेगळी). उलट श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सुरत-पुण्याहून येणाऱ्या नोकरदार मुली हौसेने शिवलेली नऊवारी घालून फुगड्या खेळतात.

म्हणून कपड्यांवरून स्त्री किती बदलली हे ठरवणे मला पटत नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोड पत्रावर सही करून देणाऱ्या, आणि त्या बदल्यात साडीचोळी घेऊन परतणाऱ्या लेकी आजही आहेत. त्यांत पदवीधर आहेत, स्वतःची स्कूटी चालवणाऱ्या आहेत, जीन्स घालणाऱ्याही आहेत. माझ्या ओळखीतील ज्या मोजक्या जणींनी सही नाकारून सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेतले, त्या बहुतेक सहावारी नेसणाऱ्या, सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेणाऱ्या आहेत, आणि गावात त्यांना कोणी मॉडर्न म्हणत नाही.