टॉल्किन यांच्या तारखा आणि ऑक्सफर्डमधले दोन दिवस

‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कल्पनारम्य कादंबऱ्यांचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या चाहत्यांच्या दिनदर्शिकेत दोन प्रकारच्या तारखा असतात. ३ जानेवारी हा लेखकाचा जन्मदिवस (१८९२), तर २५ मार्च हा त्यांच्या कथेत साउरॉन या खलनायकाचा पाडाव झाल्याचा दिवस. सप्टेंबरमध्ये मात्र दोन्हींची गर्दी होते : २ तारखेला टॉल्किन यांची पुण्यतिथी, २१ला ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाल्याचा दिवस (१९३७) आणि लगेच २२ला बिल्बो आणि फ्रोडो या त्यांच्या कथानायकांचा सामाईक वाढदिवस. जानेवारीत ऑक्सफर्डला दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून मी आणि माझ्या भाचीने सप्टेंबरमधले शेवटचे दोन दिवस निवडले.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून रेल्वेने साधारण तासाभरात ऑक्सफर्ड येते. पहिला दिवस पायीच फिरावे. टॉल्किन १९११ ते १९१५ या काळात ज्या एक्सेटर कॉलेजात शिकले, तिथल्या चॅपलमध्ये त्यांच्या सुनेने घडवलेला त्यांचा अर्धपुतळा आहे. प्रवेशाच्या वेळा बदलत असल्याने दारावर आधी चौकशी करावी. ‘ईगल अँड चाइल्ड’ हे त्यांच्या मित्रमंडळाच्या बैठकीचे पब २०२०मध्ये बंद झाले, त्यामुळे आम्हाला ते बाहेरूनच पाहावे लागले. २०, नॉर्थमूर रोड या घरात ते १९३० ते १९४७ राहिले. घर खासगी आहे. त्यांच्या स्मरणार्थ लावलेली निळी पाटी रस्त्यावरून पाहावी आणि आवारात शिरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वुल्व्हरकोट दफनभूमीकडे निघालो आणि नावाला भुलून वुल्व्हरकोट गावात उतरलो. दफनभूमी गावात नाही, बॅनबरी रोडवर आहे, हे त्या पायपिटीनंतर पक्के ध्यानात राहिले. फाटकापासून कॅथलिक विभागातल्या कबरीपर्यंत छोट्या मार्गदर्शक पाट्या आहेत. एकाच शिळेवर पती-पत्नींची नावे आहेत; १९७१ साली वारलेल्या ईडिथ यांच्या नावाखाली ‘लूथिएन’ आणि १९७३ साली गेलेल्या टॉल्किन यांच्या नावाखाली ‘बेरेन’ असे कोरलेले आहे. बेरेन या मर्त्य पुरुषासाठी अमरत्व सोडणाऱ्या लूथिएनची कथा टॉल्किन यांना यॉर्कशायरमधल्या रानात नाचणाऱ्या ईडिथवरून सुचली होती. दोन दिवस आम्ही ‘लेखकाच्या तारखा’ आणि ‘कथेतल्या तारखा’ वेगळ्या मोजत होतो. इथे ती वाटणी स्वतः लेखकानेच मोडलेली दिसली आणि भाची बराच वेळ काही न बोलता उभी राहिली.

काटेकोर मंडळींसाठी एक खुलासा. बिल्बो आणि फ्रोडो ज्या काल्पनिक प्रदेशात राहतात, त्या शायरच्या पंचांगात प्रत्येक महिना ३० दिवसांचा असतो, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टातल्या हिशेबाने ते आपल्यापेक्षा सुमारे आठ दिवस पुढे चालते, म्हणजे बिल्बोचा वाढदिवस खरे तर १४ सप्टेंबरच्या आसपास येतो. ‘तिथीने की तारखेने’ हा आपला जुना वाद तिथेही घालता येईल. बहुतेक वाचक मात्र निमूटपणे २२ तारीखच धरतात.

कबरीवर लोक पत्रे, नाणी आणि अंगठ्यासुद्धा ठेवून जातात. आमच्या मते साधी फुले पुरेत, कारण बाकीचे सारे शेवटी दुसऱ्या कोणाला तरी आवरावे लागते. फाटक बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आत जातानाच पाहून घ्यावी. शहराकडे परतणारी बस समोरच्या बॅनबरी रोडवरच मिळते.