शासनमान्य

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. माहेरी, पारोळ्याजवळ.

काल घागर भरली. डांगर, आमरस, खापरावरचे मांडे, सगळं झालं. झोक्यावरही बसले. आईला मात्र अजून काही सांगितलं नाही, बहुतेक सांगणारही नाही. म्हणून इथे लिहून मोकळी होते.

धुळ्याला एका नव्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनची जागा निघाली होती. पगार आताच्या दीडपट. मुलाखत झाली, रक्त काढून दाखवलं, स्लाइड वाचून दाखवली. मग त्यांनी परावैद्यक परिषदेचा, म्हणजे आम्हा टेक्निशियन लोकांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागितला. तो माझ्याकडे नव्हता. अर्ज केला तर कळलं की माझी संस्था मान्यता असलेल्यांच्या यादीत नाही, सबब हा डिप्लोमा नोंदणीला चालत नाही.

त्या रात्री माझं सर्टिफिकेट मी पहिल्यांदा वाचलं. खरंच पहिल्यांदा. २०१६ साली हातात पडलं त्याच दिवशी बाबा ते लॅमिनेट करून घेऊन आले, आणि तेव्हापासून ते झेरॉक्सपुरतंच फाइलबाहेर यायचं. मधोमध सोनेरी शिक्का. वर ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’. खाली ‘नोंदणीकृत’ आणि एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांक कोर्सचा नव्हताच. संस्था चालवणाऱ्या ट्रस्टचा होता, धर्मादाय आयुक्तांकडचा. कोपऱ्यात आयएसओ, म्हणजे ऑफिसचा कारभार कसा चालतो त्याचं प्रमाणपत्र. त्याचा रक्तलघवीशी काय संबंध? ‘शासनमान्य’ सोडलं तर बाकी अक्षर न् अक्षर खरं. फसवायला तेवढं पुरतं.

कायदा काही काल आला नाही. राज्याचा परावैद्यक परिषदेचा कायदा २०११ चा, केंद्राचा २०२१ चा. केंद्राच्या कायद्यात साध्या डिप्लोमालाही किमान २००० तास लागतात, तेही दोन ते चार वर्षांत. आमचा कोर्स एका वर्षाचा, आठवड्यातून तीन दिवस, मोबाइलच्या दुकानावरच्या गाळ्यात. मायक्रोस्कोप एक, बघणारे सव्वीस. बाबांनी फी भरली ती कापसाच्या पैशातून. वेचणीची मजुरीसुद्धा तेव्हा बाकी होती.

इतकी वर्षं मला शंका कशी आली नाही? आमच्या लॅबमध्ये रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट सरांचीच. २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकालच आला. सही सरांची आहे म्हटल्यावर माझा कागद कोण बघतंय, असं वाटायचं. आणि कोणी बघितलाही नाही.

रडू आलं ते नोकरी गेली म्हणून नाही. नियम मला पटला, म्हणून आलं.

लॅबमध्ये लागून महिना झाला असेल. एका आजोबांची शीर सापडेना, मी सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, आणि सुई न काढताच रक्त तसंच दाबून ट्यूबमध्ये सोडलं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली तर वरचं सीरम पिवळसर असायला हवं, ते गुलाबी. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मशीनने पोटॅशियम भरमसाट दाखवलं आणि मी तो आकडा लिहूनही टाकला. आमचे जुने टेक्निशियन दादा मागे उभे होते. त्यांनी ट्यूब उजेडात धरली. म्हणाले, ‘पेशी फोडल्यास तू. त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडलंय, ते आजोबांचं नाही. पुन्हा काढ.’ आजोबांना दुसऱ्यांदा सुई लागली. दादा नसते तर त्या आकड्यावर औषध चालू झालं असतं.

हे मला गाळ्यातल्या कोर्सने शिकवलं नव्हतं. दादांनी शिकवलं, पण आजोबांच्या हातावर. उद्या माझ्या लेकीचं रक्त काढायला माझ्यासारखी पोरगी आली, तर मीही तिचा नोंदणी क्रमांक विचारीन.

राग येतो तो वेगळ्याचाच. परवा एसटीतून येताना ती इमारत दिसली. बोर्ड नवा, रंग नवा, ‘शासनमान्य’ तेच. खाली तीन पोरी फॉर्म हातात घेऊन उभ्या. मान्यता कोणाची, याच कोर्सला आहे का, आणि याच वर्षाची आहे का, एवढं विचारा, असं खिडकीतून ओरडावंसं वाटलं. गाडी सुटली.

आता एकतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं. ह्यांना सांगितलंय. ‘बघू’ म्हणाले.

दुपारी शेजारची काकू आली. गावात मला अजून डॉक्टरीण म्हणतात. नातवाने आणून दिलेलं शुगरचं यंत्र तिने पदरातून काढलं. घरातलं कोणीही लावू शकतं ते, पण तिला मीच हवी. ‘तुना हात हलका शे वं,’ म्हणत बोट पुढे केलं. टोचलं, पट्टीला थेंब लावला. २४३.

‘काकू, मांडे किती खाल्ले काल?’

‘एकच खादा वं माय.’ मग माझ्या तोंडाकडे बघून, ‘आनी रस.’