भूकंपातला ‘भ’

आकाशवाणीवर बातम्या वाचण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आवाज चाचणीच्या कागदावर तिसऱ्याच ओळीत ‘भूकंप’ हा शब्द होता. मी वाचला ‘बूकंप’. काचेपलीकडच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी टिपलं. मी वाचत राहिले. निकाल लागला तेव्हा यादीत माझं नाव नव्हतं.

दुसरा कुठला शब्द चुकला असता तर इतकं लागलं नसतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मी एका वृत्तसंस्थेची काठमांडूतली बातमीदार होते. शनिवार होता. तिथल्या घड्याळात ११ वाजून ५६ मिनिटं, आपल्याकडे ११:४१. नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटं चालतो, त्यामुळे बातमी पाठवताना हा हिशोब सतत डोक्यात ठेवावा लागे. धरहरा मनोरा कोसळला. मृतांचा आकडा तासातासाला बदलत शेवटी ९ हजारांच्या आसपास गेला. महिनाभर मी त्या एका शब्दाशिवाय दुसरं फारसं काही लिहिलं नाही. पण लिहिताना ‘भ’ला श्वास लागत नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली. आमचे पणजोबा विणकामासाठी तेलंगणातून इथे आले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही, त्यात थोडी कन्नडही. आमच्या बोलण्यात महाप्राण, म्हणजे भ, ध, घ अशी श्वास सोडून म्हणायची अक्षरं, विरून जातात. धोतराचं दोतर होतं, भाकरीची बाकरी. आयुष्यभर मला कुणी हटकलं नव्हतं, कारण आजूबाजूला सगळेच तसं बोलणारे.

रेडिओकडे वळावंसं वाटलं ते मात्र काठमांडूतच. भूकंपानंतर लोक टुंडिखेलच्या मैदानात ताडपत्रीखाली राहत होते. वीज नव्हती. एका म्हातारबाबांनी सेलवरचा छोटा रेडिओ विटेवर ठेवला होता आणि भोवती वीसेक माणसं गप्प बसून ऐकत होती. पाणी कुठे मिळेल, कुठला रस्ता बंद आहे, एवढंच. माझ्या बातम्या दिल्लीत आणि परदेशात वाचल्या जात होत्या. त्या वीस माणसांच्या उपयोगाचं त्यात एक अक्षर नव्हतं. ते मला फार लागलं.

पुढे संस्थेनं ती जागा बंद केली, वडील आजारी पडले आणि मी सोलापूरला परतले. हंगामी वृत्तनिवेदक आणि भाषांतरकार हवेत अशी जाहिरात दिसली. लेखी परीक्षा, आवाज चाचणी, मग मुलाखत. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेले. लेखी सोपी गेली, इंग्रजी बातम्यांचं मराठी करणं हा रोजचाच उद्योग होता. आवाजात पडले.

पुढची जाहिरात निघेपर्यंत घरी सराव केला. अम्मा बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओली पानं, हातात कात्री. तिच्या पायाशी पडलेली पानाची पातळ कातरण मी ओठांसमोर धरायची. ‘ब’ म्हटलं की ती तशीच राहायची, ‘भ’ला हलायला हवी. भीमा, भात, भाव, भूकंप. धरण, घाट, झाड. पहिल्या आठवड्यात कातरण ढिम्म हलेना. महिन्याभरात हलायला लागली, तरी वाक्याच्या ओघात ‘भ’ पुन्हा निसटायचा. शब्द सुटा बरोबर येणं आणि वाक्यात बरोबर येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अम्मापुढे बातम्या वाचायला लागल्यावर मला माझा दुसरा दोष कळला, आणि तो उच्चारापेक्षा मोठा होता. एकदा मी वाचलं : ‘भीमा खोऱ्यात दोन दिवसांपासून सुरू असलेल्या संततधार पावसामुळे पाणीपातळीत वाढ झाल्याने उजनी धरणातून नदीपात्रात विसर्ग सोडण्यात येणार असल्याची माहिती सूत्रांनी दिली.’ एक अक्षर चुकलं नव्हतं. अम्मानं हात न थांबवता तेलुगूत विचारलं, “सोडलं, की सोडणार?”

वर्तमानपत्र वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो. अम्माचे हात गुंतलेले, फक्त कान मोकळे, आणि मजुरी हजार बिड्यांवर. ती थांबून अर्थ लावत बसणार नाही. मी ती बातमी पुन्हा लिहिली : ‘उजनी धरणातून आज संध्याकाळी पाच वाजता भीमा नदीत पाणी सोडलं जाणार आहे. नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. भीमा खोऱ्यात दोन दिवसांपासून पाऊस सुरू आहे.’ यावर अम्मा काहीच बोलली नाही. म्हणजे कळलं होतं.

आकड्यांचंही तसंच. मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाचं, एरवी वापरता न येणारं पाणी. पातळी त्याच्याही खाली गेली की उजनीचं पाणी ‘उणे’मध्ये मोजतात. ‘उणे एकोणतीस टक्के’मधला ‘उणे’ ऐकणाऱ्याच्या कानावरून निसटला, तर धरणात पाणी आहे असंच त्याला वाटेल. म्हणून त्या शब्दाआधी मी किंचित थांबायला शिकले.

दुसऱ्या चाचणीत निवड झाली. शिकवणाऱ्यांनी बारीकसारीक सगळं सांगितलं. पानं टाचायची नाहीत, एकेक पान आवाज न करता बाजूला सरकवायचं. वाक्य पुढच्या पानावर जाऊ द्यायचं नाही. माइकपासून वीतभर अंतर. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ आकड्यांवर अक्षरांतही लिहून घ्यायचं, कारण लाल दिवा लागल्यावर ६९ पाहून भल्याभल्यांची जीभ अडते.

माझं पहिलं बातमीपत्र सकाळी सात वाजून दहा मिनिटांचं होतं. आदल्या रात्री पुण्यात मावशीकडे मुक्काम केला, झोप लागली नाही. ते आमच्या सोलापूर केंद्रावरून सहक्षेपित होतं, त्यामुळे अम्मा ऐकत असणार हे ठाऊक होतं. नेमकी उजनीचीच बातमी होती. ‘धरण’ नीट आलं, ‘भीमा’ नीट आलं. दहा मिनिटं संपली आणि दिवा विझला, तेव्हा तळहात ओले झाले होते.

बाहेर येऊन फोन लावला. आवाज कसा वाटला, हे तिनं सांगितलंच नाही. म्हणाली, “पाणी किती वाजता सोडणार ते एकदाच सांगितलंस. मी तेव्हा पानं भिजवत होते.”

आता अशी बातमी असली की वेळ आणि नदीचं नाव मी मूळ बातमीत तर लिहितेच, शेवटच्या ठळक बातम्यांतही पुन्हा घालते.