चिया भिजत घालताना

रविवार पेठेतल्या सुकामेव्याच्या दुकानांत जवस, अळीव, सब्जा आणि मगज यांच्या रांगेत हल्ली चियालाही हक्काची जागा मिळाली आहे. पूर्वी ही वस्तू मोठ्या दुकानांत, परदेशी पाकिटात आणि परदेशी किमतीत दिसत असे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या पिकाला आपल्याकडे वाट करून दिली, कर्नाटकातले आणि पुढे मध्य प्रदेशातले शेतकरी ते घेऊ लागले, आणि चिया सुटे, वजनावर मिळू लागले. पुणेकर नव्या वस्तूकडे आधी संशयाने पाहतो आणि मग भाव विचारतो. भाव आवाक्यात आल्यावर संशयही बराच निवळला, असे म्हणायला हरकत नाही.

बी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे. लांबून ते नुसते करडे दिसते. तळहातावर घेऊन उजेडात धरले, की टिटवीच्या अंड्यावर असते तशी काळ्या-तपकिरी ठिपक्यांची आणि रेघांची नक्षी त्यावर दिसते. मधूनच एखादे पांढरे बीही निघते. सब्जा मात्र एकरंगी काळा असतो, आणि तरीही या दोघांची सर्रास गल्लत होते. दोन्ही तुळशीच्या कुळातली आहेत हे खरे, पण पाण्यात पडल्यावर त्यांचे स्वभाव उघड होतात. सब्जा काही मिनिटांतच टपोरा फुगतो आणि फालुद्यात प्रत्येक दाणा आपापला वेगळा राहतो. चियाला निदान अर्धा तास द्यावा लागतो. ते स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी सहज धरून ठेवते आणि सगळे दाणे मिळून एक बुळबुळीत लगदा होतो. पाण्यात चिया टाकून निघून गेले, की तळाशी घट्ट गोळा बसतो आणि आतले दाणे कोरडेच राहतात. म्हणून टाकताना एकदा आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा चमच्याने ढवळावे.

तो बुळबुळीतपणा अनेकांना आवडत नाही, पण चियाचा बराचसा गुण त्यातच आहे. शंभर ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. शंभर ग्रॅम कोणी खात नाही. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १२ ग्रॅम घेतले, तरी ४ ग्रॅम तंतू, २ ग्रॅम प्रथिने, तितकेच ओमेगा-३ आणि सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम पदरात पडते, तेही साठेक कॅलरींमध्ये. पाणी धरून ठेवणारा हा तंतू पोटात सावकाश पुढे सरकतो, त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही आणि पोट भरल्यासारखे वाटते. बद्धकोष्ठतेवरही तो उपयोगी आहे, मात्र दिवसभर पुरेसे पाणी प्यायले तरच. वजन उतरण्याच्या दाव्यांना तसा भक्कम आधार नाही. तळजाई चढून आल्यावर ताकातून चिया प्यायचे आणि दुपारच्या चहाबरोबर चार बाकरवड्या हाणायच्या, अशा हिशेबात त्या चमचाभर बियांनी तरी काय करावे?

ओमेगा-३ बद्दलही थोडे सबुरीने घ्यावे. चियातले ओमेगा-३ वनस्पतीजन्य प्रकारचे आहे आणि माशांत असते त्या प्रकारात आपले शरीर त्याचा थोडासाच भाग बदलू शकते. शिवाय त्यात जवस चियापेक्षाही वरचढ आहे, आणि कॅल्शियमच्या बाबतीत न सोललेले तीळ. ज्या घरात भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि हिवाळ्यात तिळाचे लाडू नेमाने होतात, त्या घराने चियावाचून काही गमावलेले नाही. चियाची खरी सोय वेगळीच आहे. जवसाचे टरफल टणक, ते भाजून कुटल्याखेरीज अंगी लागत नाही आणि कुटलेली पूड लवकर खवट होते. चिया न भाजता, न कुटता, नुसते भिजवून खाता येते आणि कोरड्या बरणीत बरेच महिने टिकते. सकाळी घाईने घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ही सोय मोठी वाटते.

कोरडे चिया फक्की मारून मात्र कधीही गिळू नये. चमचाभर कोरडे बी गिळून वर पाणी प्यायलेल्या एका माणसाच्या अन्ननलिकेत ते फुगून अडकल्याची घटना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये मांडली होती. रक्त पातळ ठेवणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी रोजचा नेम धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे.

चियाला स्वतःची अशी चव नसल्यामुळे ते कशातही खपते. कोकमाच्या सरबतात ते छान लागते, नाचणीच्या आंबिलात तर असल्याचे कळतही नाही. थालीपिठाच्या भाजणीत घातले तर पीठ नेहमीपेक्षा सैल भिजवावे, नाहीतर थापताना कडा चिरतात. बिनअंड्याच्या केकसाठी एका अंड्याऐवजी एक चमचा चियाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालतात.

पुण्यातल्या घरात खरा प्रश्न पुढेच असतो: हे उपासाला चालते का? चिया धान्य नाही, त्यामुळे आडकाठी नसावी. कोणी परदेशीपणाचा मुद्दा काढलाच, तर बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका हे सगळे मूळचे अमेरिका खंडातलेच. राजगिरा तर मेक्सिकोत चियाचा सख्खा शेजारी; अ‍ॅझ्टेक राज्यकर्त्यांकडे खंडणी म्हणून दोन्ही जमा होत असत. शिवाय साबुदाण्याच्या खिचडीत तंतू जवळजवळ नसतातच, तेव्हा तिच्याबरोबरच्या दह्यात भिजवलेले चिया घातले तर ती उणीव थोडी भरून निघते. हा सगळा युक्तिवाद मी सदाशिव पेठेतल्या आमच्या आत्यापुढे सविस्तर मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि चतुर्थीला परवानगी दिली. आषाढी एकादशीचा निर्णय तिने राखून ठेवला आहे.